रिपोर्टमध्ये ४६च गुणसूत्रं, मग मुलीला डाउन सिंड्रोम कसा?

प्रश्न इंदूरच्या एका २९ वर्षांच्या आईचा आहे. पहिल्या दोन वेळा अडीच-तीन महिन्यांतच गर्भपात झाला. मग मुलगी झाली. ती आता दहा महिन्यांची आहे आणि तिला डाउन सिंड्रोम, म्हणजे वाढ आणि बुद्धीचा विकास हळू होणारी जन्मजात अवस्था, आहे. गुणसूत्रांच्या, म्हणजे पेशीतल्या जनुकं बाळगणाऱ्या धाग्यांच्या, तपासणीत ‘४६, एक्सएक्स’ (एक्सएक्स म्हणजे मुलगी) लिहून पुढे कंसात १४ आणि २१ असे आकडे आले आहेत. घरच्यांनी वाचलं होतं की या मुलांमध्ये ४७ गुणसूत्रं असतात, त्यामुळे सगळे गोंधळले आहेत. सासूबाई म्हणतात, ‘आमच्या घराण्यात असं कोणी नाही.’ नवरा स्वतःचं रक्त तपासून घ्यायला तयार नाही. हे कोणाकडून आलं, पुढच्या बाळाला होईल का, आणि जिचं लग्न ठरतंय त्या धाकट्या बहिणीला सांगावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, तुमच्या रिपोर्टमधली ती कंसातली ओळच सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच घाईत वाचायची राहून जाते. ४६ आकडा दिसला म्हणून ‘नॉर्मल आहे’ असं समजून घरी गेलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ आईकडून आलेली आणि २३ वडिलांकडून. ही साधी मोजणीसुद्धा फार जुनी नाही. अनेक दशकं शास्त्रज्ञ माणसात ४८ गुणसूत्रं मानत होते. १९५६ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथून चिओ आणि लेव्हान यांनी ४६ हा आकडा प्रसिद्ध केला. तीन वर्षांनी, १९५९ मध्ये, पॅरिसच्या लेज्यून, गोतिए आणि त्युर्पाँ यांनी डाउन सिंड्रोमच्या मुलांमध्ये २१ क्रमांकाचं एक गुणसूत्र जास्त असतं हे दाखवलं. लोकांच्या लक्षात राहिलेला ४७ हा आकडा इथून आला. पण लगेच पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये पॉल पोलानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या एका मुलीची नोंद केली, आणि तिची गुणसूत्रं भरली ४६. तुमच्या घरात आज जो प्रश्न पडला आहे तोच तेव्हा त्यांनाही पडला होता, आणि उत्तरही त्यांनीच शोधलं.

गुणसूत्रं किती आहेत यापेक्षा त्यांच्यात जनुकांचा ऐवज किती आहे हे पाहावं लागतं. १३, १४, १५, २१ आणि २२ या पाच जोड्यांची ठेवण वेगळी आहे. त्यांचा एक हात लांब आणि दुसरा अगदी आखूड असतो. आखूड हातावरची कामाची जनुकं या दहाही गुणसूत्रांवर पुन्हापुन्हा असतात, त्यामुळे दोन आखूड हात गळून गेले तरी माणसाचं काही अडत नाही. कधीकधी अशा दोन गुणसूत्रांचे लांब हात एकमेकांना चिकटतात आणि त्यांचं एकच गुणसूत्र होतं. याला रॉबर्टसोनियन ट्रान्सलोकेशन म्हणतात. रॉबर्टसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१६ मध्ये नाकतोड्यांच्या गुणसूत्रांत हे पाहिलं होतं. माणसांमध्ये साधारण हजारात एकाला अशी एखादी जोडणी असते. पोथीचे दोन खंड एकाच पुठ्ठ्यात बांधावेत तसं हे आहे: कपाटात पुस्तकं एकाने कमी दिसतात, मजकूर मात्र सगळा असतो.

आता तुमच्या मुलीचा हिशोब मांडू. तिच्याकडे २१ क्रमांकाची दोन स्वतंत्र गुणसूत्रं आहेत, १४ क्रमांकाचं एक स्वतंत्र आहे, आणि एक आहे १४ व २१ जोडलेलं. मोजली तर ४६ भरतात. पण २१चा ऐवज तिला तीनदा मिळाला आहे, आणि डाउन सिंड्रोम त्याचाच असतो. उलट तिच्या आईवडिलांपैकी कोणी अशी जोडणी बाळगत असेल तर त्या व्यक्तीची गुणसूत्रं ४५ भरतील आणि ती व्यक्ती पूर्ण निरोगी असेल. बुद्धी, तब्येत, दिसणं, कशावरूनही ते ओळखू येणार नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण उद्या तुमच्यापैकी एकाच्या रिपोर्टवर ४५ हा आकडा आला तर घरात पुन्हा घबराट होईल.

असा निरोगी वाहक असलेल्या घरात मुलांमध्ये काय उतरतं, हे समजायला पेशी कशी विभागते ते पाहावं लागेल. शरीराची वाढ आणि झीज भरून निघणं ज्या विभाजनाने होतं ते सरळ असतं. गुणसूत्रांची एक-एक नक्कल तयार होते आणि दोन्ही नव्या पेशींना पूर्ण संच मिळतो. वाहकाच्या शरीरात यात काहीच अडत नाही, जोडलेलं गुणसूत्रही इतरांसारखंच विभागतं.

अडचण येते ती स्त्रीबीज आणि शुक्राणू तयार करणाऱ्या विभाजनात, ज्याला शाळेत आपण अर्धगुणसूत्री विभाजन म्हणून शिकलो. इथे ४६चे २३ करायचे असतात, आणि तेही असे की प्रत्येक जोडीतलं एकच जावं. त्यासाठी आईकडून आलेलं आणि वडिलांकडून आलेलं गुणसूत्र आधी एकमेकांना शोधून शेजारी येतात, आपले तुकडे अदलाबदल करतात आणि मग विरुद्ध टोकांना खेचले जातात. कोणत्या जोडीतलं कोणतं कुठे जाईल हे दर जोडीसाठी वेगळं ठरतं. अदलाबदल बाजूला ठेवून नुसत्या वाटणीचा हिशोब केला तरी एका माणसाच्या बीजपेशींत ८३,८८,६०८ वेगवेगळे संच निघू शकतात. चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या इतका जवळ येणारा हा आकडा निव्वळ योगायोग आहे, पण तो एकदा ऐकला की विसरत नाही. दोन सख्ख्या भावंडांत इतका फरक का असतो, हेही इथेच कळतं.

वाहकाच्या बाबतीत इथे दोन जोड्यांऐवजी तिघे एकत्र येतात: सुटं १४, सुटं २१ आणि जोडलेलं. तिघांची दोन गटांत वाटणी सहा प्रकारे होऊ शकते. एका प्रकारात बीजात सुटं १४ आणि सुटं २१ जातात, बाळ अगदी सर्वसाधारण. दुसऱ्यात फक्त जोडलेलं जातं, बाळ आईबापासारखं निरोगी वाहक. तिसऱ्यात जोडलेल्याबरोबर सुटं २१ही जातं, आणि बाळाला डाउन सिंड्रोम होतो. उरलेल्या तीन प्रकारांत १४ किंवा २१ कमी पडतं किंवा १४ जास्त होतं. असे गर्भ टिकत नाहीत, पहिल्या काही आठवड्यांतच जातात.

तुमचे आधीचे दोन गर्भपात यामुळे असू शकतात. पण आत्ताच मी ते ठामपणे म्हणणार नाही. पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी जवळपास निम्म्यांत गुणसूत्रांचा काहीतरी बिघाड असतो, आणि त्यातले बहुतेक त्याच वेळी नव्याने झालेले असतात, घरात कोणी वाहक नसतानाही. शिवाय गर्भपाताला थायरॉइड, गर्भाशयाची रचना, रक्त गोठण्याचे विकार अशीही कारणं असतात. तुम्हा दोघांचे रिपोर्ट आल्याशिवाय या दोन गर्भपातांचं कारण ठरवता येणार नाही.

‘आमच्या घराण्यात असं कोणी नाही’ या वाक्याकडे येते. सासूबाई खरंच सांगत असतील, पण त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. जोडणी तीन-तीन पिढ्या निरोगी माणसांतून शांतपणे उतरत येते. एखाद्या आजोबांना सहा धडधाकट मुलं झाली आणि त्यातली तीन वाहक निघाली, असंही होतं. त्या काळी दोन-चार गर्भपात झाले तर कोणी तपासत नव्हतं, ‘दृष्ट लागली’ म्हणून विषय संपायचा. दुसरी बाजूही सांगते. तुमच्या मुलीसारखी जोडणी असलेल्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आईवडील दोघेही तपासणीत सर्वसाधारण निघतात. म्हणजे जोडणी त्या एका बीजपेशीत नव्याने झालेली असते, आणि माहेर-सासर कुठूनच आलेली नसते. तेव्हा आज घरात ज्या गोष्टीवरून भांडण चाललं आहे ती घडलेलीच नसण्याची शक्यता जास्त आहे.

एक गोष्ट मात्र नक्की सांगता येते. गरोदरपणी तुम्ही काय खाल्लं, ग्रहण पाळलं की नाही, स्कूटरवर बसलात का, ऑफिसला जात राहिलात का, याचा यात काडीचाही संबंध नाही. २१चा हा हिशोब गर्भ राहण्याच्या आधीच ठरून गेला होता. हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. माझ्यासमोर बसून स्वतःला दोष देत रडलेल्या आया मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यापैकी एकीचाही दोष नव्हता.

वयाबद्दलही घरात बोललं गेलं असेल, म्हणून तेही सांगते. डाउन सिंड्रोमच्या सुमारे ९५ टक्के मुलांत २१चं तिसरं गुणसूत्र सुटं असतं, एकूण ४७. बहुतेक वेळा ते स्त्रीबीजातून येतं, आणि त्याचं कारण स्त्रीबीजाच्या विलक्षण वेळापत्रकात आहे. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असताना तिच्या अंडाशयात साठ-सत्तर लाख बीजं असतात, आणि त्यांचं अर्धगुणसूत्री विभाजन तेव्हाच सुरू होऊन मध्येच थांबतं. जोड्या एकमेकींना धरून तशाच राहतात आणि त्यातलं एखादं बीज पंचवीस, तीस, चाळीस वर्षांनी पुढचं पाऊल टाकतं. गुणसूत्रांना बांधून ठेवणारी प्रथिनं इतक्या वर्षांत सैल पडतात, आणि मग वाटणी चुकते. म्हणून हा धोका पंचविशीत साधारण साडेबाराशे गर्भारपणांत एक, पस्तिशीत ३५०त एक आणि चाळिशीत १००त एक असा वाढत जातो. तरीही डाउन सिंड्रोमची बरीच मुलं तरुण आयांना होतात, कारण मुळात जास्त बाळंतपणं तरुणपणीच होतात. ट्रान्सलोकेशनचा मात्र आईच्या वयाशी संबंध नाही. ‘लग्न उशिरा केलंस’ हा टोमणा तुमच्या बाबतीत शास्त्राच्या आधाराने खोटा आहे.

नात्यातल्या लग्नाबद्दलही विचारणा होते, कारण आपल्याकडे काही घरांत मामेबहीण-आतेभाऊ अशी लग्नं होतात. अशा लग्नात धोका वाढतो तो वेगळ्या आजारांचा, ज्यांत एकच सदोष जनुक दोन्हीकडून यावं लागतं. आपल्या भागातलं उदाहरण सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं आहे. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीच्या आदिवासी वस्त्यांत तो मोठ्या प्रमाणात आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेलं राष्ट्रीय अभियान त्याच्यासाठीच आहे. त्यात सदोष जनुक ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर असतं, आईवडील दोघेही वाहक असले तर दर गर्भारपणात चारात एक शक्यता असते, आणि गुणसूत्रांची संख्या-रचना पूर्ण व्यवस्थित असते. डाउन सिंड्रोमशी त्याचा संबंध नाही. हे दोन हिशोब एकत्र मिसळू नका.

आता तुमच्या नवऱ्याबद्दल. त्यांनी रक्त द्यावं, असं मी आग्रहाने सांगते. वाहक कोण आहे यावर पुढच्या बाळाचा धोका अवलंबून आहे. १४-२१ची वाहक आई असेल तर डाउन सिंड्रोमच्या बाळाची शक्यता साधारण १० ते १५ टक्के असते. वडील वाहक असतील तर ती सुमारे एक टक्का किंवा त्याहूनही कमी असते. दोघेही वाहक नसतील तरीही शक्यता एक टक्क्याच्या आतच राहते. जोडणी २१-२१ची असती तर वाहकाचं जन्माला येणारं प्रत्येक बाळ डाउन सिंड्रोमचंच असतं. तुमच्या रिपोर्टमध्ये १४-२१ आहे, त्यामुळे ती भीती मनातून काढून टाका. त्यांना एवढंच सांगा की ही तपासणी दोष शोधायला नाही, पुढच्या वेळी कोणती चाचणी कधी करायची हे ठरवायला आहे. फक्त तुमचं रक्त तपासून ते ‘नॉर्मल’ आलं तरी गोष्ट अर्धीच कळेल.

तपासणीचं नाव कॅरिओटाइप. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘आईवडील दोघांचं कॅरिओटाइप’ असं लिहून घ्या आणि मुलीच्या रिपोर्टची प्रत सोबत जोडा, म्हणजे लॅबमध्ये नेमकं काय शोधायचं ते कळेल. महागडी मायक्रोअॅरे चाचणी सुचवली गेली तर थांबा. ती ऐवज कमी-जास्त आहे का हे पाहते, आणि वाहकाचा ऐवज पुरेपूर असतो, त्यामुळे ही जोडणी तिच्यात दिसत नाही. यात लोकांचे बरेच पैसे वाया जातात. कॅरिओटाइपला उपाशी राहावं लागत नाही. दोन-तीन मिलिलिटर रक्त हिरव्या टोपणाच्या, हेपॅरिनच्या नळीत घेतात. लॅबमध्ये त्यातल्या पांढऱ्या पेशी साधारण ७२ तास वाढवतात, विभागायला लागल्या की मध्येच रोखतात, मग काचपट्टीवर पसरून रंगवतात आणि साधारणपणे वीस पेशींतली गुणसूत्रं मोजतात. पेशी जिवंत पोचल्या तरच हे जमतं. एप्रिल-मेच्या उन्हात नळी दिवसभर कुरिअरच्या गाडीत पडून राहिली किंवा कोणी फ्रीझरमध्ये ठेवली, तर नमुना वाया जातो. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी रक्त द्या, म्हणजे आठवडा संपायच्या आत ते लॅबला पोचेल. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात.

पुढच्या गर्भारपणाचा निर्णय रिपोर्ट आल्यावरच घ्या. तुम्ही वाहक निघालात तर गर्भ राहिल्या राहिल्या डॉक्टरांना सांगायचं. ११ ते १४ आठवड्यांत एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी, होतो. दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तातून एनआयपीटी ही चाचणी करता येते, तिच्यात २१चा जास्तीचा ऐवज बऱ्यापैकी अचूक कळतो, पण ती निदान करत नाही, शंका दाखवते. खात्रीचं उत्तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन किंवा १६ आठवड्यांच्या पुढे गर्भजल काढून मिळतं. त्याने गर्भपाताचा धोका थोडा वाढतो, अनुभवी हातात तो हजारात एक ते पाच इतका असतो. आयव्हीएफने तयार केलेल्या गर्भाची पेशी आधीच तपासण्याचा मार्गही आहे, पण तो खर्चिक आणि शरीराला कष्टाचा आहे. तुमच्या वयात मी तो आधी सुचवणार नाही. ही सगळी तपासणी नोंदणीकृत केंद्रातच करा, आणि मुलगा की मुलगी हे विचारू नका. १९९४च्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे.

बहिणीला सांगायचं का, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात कळीचा वाटतो. तुमचा रिपोर्ट येईपर्यंत थांबा. तुम्ही वाहक नसाल तर तिला तुमच्यामुळे काहीच तपासायची गरज नाही आणि विषय तिथेच संपतो. तुम्ही वाहक असाल तर आधी तुमच्या आईवडिलांचं कॅरिओटाइप करता येईल. त्यांच्यापैकी एकात जोडणी निघाली तर बहीण वाहक असण्याची शक्यता साधारण निम्मी आहे. मग तिला नक्की सांगा, आणि लग्नाआधीच सांगा. आधी फक्त तिलाच सांगा. रक्त तिचं आहे, सासरच्यांना काय आणि कधी सांगायचं तेही तीच ठरवेल. स्थळ मोडेल या भीतीने लपवायचा विचार घरात निघेल. पण तिलाही तुमच्यासारखे दोन गर्भपात काढावे लागले आणि कारण घरात आधीच माहीत होतं असं नंतर तिला कळलं, तर ते दुःख फार मोठं असेल. वाहक असणं हे लग्न नाकारायचं कारण नाही, तिला निरोगी मुलं होऊ शकतात. तुमचे यजमान वाहक निघाले तर हेच त्यांच्या भावंडांना लागू आहे. दीर-नणंदांनाही तितक्याच मोकळेपणाने सांगा.

या सगळ्या धावपळीत तुमच्या मुलीकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. जोडणीमुळे तिचा डाउन सिंड्रोम इतर मुलांपेक्षा वेगळा ठरत नाही, काळजीही तीच. हृदयाची इको (सोनोग्राफी) झाली नसेल तर या आठवड्यात करून घ्या, कारण या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना हृदयाचा दोष असतो आणि शस्त्रक्रियेची योग्य वेळ गाठणं महत्त्वाचं असतं. थायरॉइड एक वर्षाची झाल्यावर आणि नंतर दरवर्षी तपासायचं. कान आणि डोळेही तपासून घ्या. लसीकरण वेळापत्रकाप्रमाणे. फिजिओथेरपी आत्ताच सुरू करा, ती बसत नाही म्हणून वाट पाहू नका. अशी बहुतेक मुलं दोन-अडीच वर्षांपर्यंत चालू लागतात, बोलणं त्यानंतर हळूहळू येतं. सरकारी बालस्वास्थ्य कार्यक्रमात डाउन सिंड्रोमचा समावेश आहे आणि त्याच्या जिल्हा केंद्रात या तपासण्या आणि थेरपी मोफत मिळतात, त्यासाठी अंगणवाडीतून किंवा सरकारी दवाखान्यातून चिठ्ठी घ्या. तुम्हा दोघांचे रिपोर्ट आले की मुलीची मूळ फाइल घेऊन दोघेही एकत्र या. सासूबाईंना यायचं असेल तर त्यांनाही आणा, त्यांच्या शंकांना मी त्यांच्यासमोरच उत्तरं देईन.